मरुलाची बरणी

आई,

दवाखान्यात वुतोमीला इंजेक्शन दिलंय, आता श्वास नीट चाललाय. मी तिचे कपडे न्यायला आले, तर तुम्ही तुमच्या भावाला, मामांना, बसपर्यंत पोचवायला गेला होतात.

शेंगदाणा तिला सोसत नाही, हे तुम्हाला किती वेळा सांगितलं! म्हणूनच मरुलाच्या फळांच्या कोयी दगडाने फोडून, सुईने एकेक गर काढून, महिनाभर राबून मी तिच्यासाठी लोणी वाटलं होतं. बोटं अजून सोललेलीच आहेत. ती अख्खी बरणी तुम्ही भावाच्या पालेभाजीत रिकामी केलीत, आणि पोरीच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घातलंत. वर मलाच सुनावलंत, "मरुला मानाच्या पाहुण्याला वाढायची असते, पोरासोरांना नाही."

मामांनी बोटं चाटली म्हणे. बरं झालं.

कोंबड्या मी कोंडल्यात. तुमचा लेक ह्लुलानी कामावरून आला की त्याला दवाखान्यात पाठवा. तुम्ही येऊ नका.

तिथून मी वुतोमीला घेऊन माहेरी जातेय. पुन्हा कधी आणलंच तिला तुमच्या दारात, तर ती पाहुणी म्हणून येईल. तेव्हा तरी तिला मरुला वाढा.

न्येलेती