शहबाची कानटोपी

३ एप्रिल, दुपारच्या चहानंतर
फौझिया, हे लिहून घेणारी आणि मला वाचून दाखवणारी तूच, म्हणून आधीच सांगते: वही कुठे ठेवलीस ते विसरू नकोस. काल चहात पुदिना विसरलीस. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मला साखर किती लागते ते अजून विसरतेस. तू सून आहेस. हात तुझा, रोजनिशी माझी. मधे स्वतःचं काही घुसडू नकोस.
लिही. नात बतूल मेकनेस शहरातल्या क्लबात घोड्यावर बसून दांड्यांवरून उड्या मारायला शिकते. घोडी शहबा, क्लबची. नऊ मेला स्पर्धा. त्यात बाद झाली तर कोच बेनाइसा शहबा काढून घेणार आणि औषधवाल्याच्या कंझाला देणार. पोर उशीत तोंड खुपसून रडते. रोग मला कळलाय. कॉन्फिडन्स नाही. तो मी देणार. जीभ नाचवून मी झगारीत, ती लग्नातली लांब किलकारी, मारली की तीन गल्ल्यांना कळतं कुठेतरी लग्न आहे. घोडीला कळणार नाही?

६ एप्रिल
क्लबात गेले. बतूल लाल दांड्यांच्या उडीकडे दौडत आली. ऐन वेळी मी झगारीत मारली. घोडी जागच्या जागी थांबली, बतूल तिच्या मानेवर. पोर आजोबांवर गेलीये. तेही दारापर्यंत जोरात यायचे आणि तिथेच अडायचे.
निश्चय: उद्यापासून आणखी जवळ बसायचं.

१३ एप्रिल
खुर्ची कुंपणाला टेकवली. घोडी पुन्हा पुन्हा अडली, नेमकी माझ्यासमोरच. लाजते. बतूल वाळूत पडली. मी ओरडले, अगं, पिठाचं पोतंसुद्धा तुझ्यापेक्षा नीट बसतं! लाज वाटली की कॉन्फिडन्स येतो. तिने हेल्मेट कानांवर आणखी खाली ओढलं. म्हणजे पटलं.
कंझा सगळ्या उड्या पार करून गेली. तिच्यासाठी कोणी तोंड उघडलं नाही. आजी नसेल बिचारीला.

१९ एप्रिल
बेनाइसा म्हणाला, हज्जा, ऊन फार आहे, तिकडे जैतुनाच्या झाडाखाली बसा. हजला मी कधी गेले नाही, पण काही माणसांना बरोबर कळतं कोणाला काय म्हणावं. जैतून मैदानाच्या पार पलीकडे. म्हटलं, बाळा, माझ्यात वाळायचं उरलंय काय? तो हसला नाही.
येताना टॅक्सीत बतूलने विचारलं, आजी, रोज येऊन गुडघे दुखत नाहीत का गं? केवढा जीव! म्हटलं, तुझ्यासाठी रांगत येईन. ती खिडकीबाहेर बघत बसली. भरून आलं असणार.

२४ एप्रिल
बेनाइसाने मला बाजूला घेतलं. मोठमोठ्या स्पर्धांत घोड्यांना विणलेली कानटोपी घालतात म्हणे. आणि माझ्यासारखा क्रोशा गावात कोणाचा नाही म्हणे. लोकर जाड घ्या, कानांची वीण घट्ट ठेवा. म्हटलं, मे महिन्यात घोडीला थंडी वाजते? तर म्हणतो, कॉन्फिडन्ससाठी, हज्जा.
शेवटी शिकला माझ्याकडून.
फौझिया, हसू नकोस. लिही.

३ मे
कानटोपी झाली. निळी, पांढऱ्या किनारीची. त्याने घट्ट म्हटलं, मी कान दुहेरी केले. हातचं राखून मला काही येत नाही. घशासाठी रोज मध चालू.

९ मे, सकाळी
फौझिया सुनेच्या अदबीने म्हणते, लल्ला, आज घरीच थांबा ना, दोघी मिळून टीव्ही बघू. जळते. मी निघाले.

९ मे, संध्याकाळी
एकही दांडी पडली नाही. शहबा बतूलकडेच राहिली.
प्रत्येक उडीला मी झगारीत मारली. सगळं मैदान माझ्याकडे वळून पाहत होतं. घोडीने कान हलवला नाही. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात तयारी.
फाटकाशी गेले. बेनाइसाने कानटोपी काढली आणि घोडीच्या कानांतून कापसाचे बोळे ओढले. लिंबाएवढे. माझ्या विणीने कसे घट्ट बसले होते! त्याचं मला काही वाटलं नाही. जनावर आहे ते.
मग बतूलने हेल्मेट काढलं. एका कानातून बोळा काढला, तेवढ्यात मी दिसले. हात खाली गेला, मूठ मिटली. दुसरा बोळा कानातच. मी म्हटलं, शाब्बास.
ती म्हणाली, काय, आजी?
थांबलीस का, फौझिया? लिही. कापूस आपल्याच कपाटातला होता. निळ्या पुड्यातला. तुला ठाऊक होतं.

१० मे
रविवारी पुन्हा स्पर्धा आहे. मी जाणार नाही. गुडघे दुखतात. पोरीने विचारलंच होतं.
रविवारी पाठवायच्या डब्याचं सांगते, हे तरी विसरू नकोस. घोडीला गाजरं. बेनाइसाला काही नको. बतूलला बदाम पाठव, सालासकट, चांगले कडक भाजून. कान बंद असले की चावल्याचा आवाज डोक्यात घुमतो. माझे म्हणून सांगू नकोस. ऐकू येतील तिला.