समुद्राचं पाणी

रविवार, १४ सप्टेंबर २०१४

प्रिय ताई,

तू, दाजी आणि तुमचा लेक मिंग खुशाल असाल. दाजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे पुराचं पाणी फणसाच्या बुंध्याला लागलंय. पुराबरोबर येणारे बारके लिन्ह मासे आलेत, पिवळ्या फुलांची भाजीही निघाली. परवा दोन्ही घालून आंबट कालवण केलं, तर आईनं मीठ कमी म्हणून नाक मुरडलं. म्हणजे ती बरी आहे असं समज. दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपते, पण दम लागत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो ताई' म्हणते. चाळिशी आली तरी माझं ते काही सुटत नाही. शेजारच्या बाय मावशींची मुलगी मंगळवारी तुमच्या तैपेईला परत निघतेय, तिच्या हातून हे पाठवते. तुला बुधवारी मिळेल. बुधवारीच दवाखान्यात आईच्या त्या प्रकाराची चौकशी आहे.

तुला मी काय सांगितलं होतं? आईला उलट्या-जुलाब झाले, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, डिएप नावाच्या नर्सनं बाटली लावली, ती भसाभसा सोडली आणि आई गुदमरली. यातलं बाटली लावण्यापर्यंतचं सगळं खरं आहे.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक. जरा थकवा आला की 'समुद्राचं पाणी लावा'. नळीतून शिरेत जातं ते सगळं समुद्राचं पाणी, मग बाटलीत मीठ असो की साखर. तू स्वतः लग्नाआधी लावून घेतलं होतंस, गाल भरलेले दिसावेत म्हणून. आईनंही दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या तेच मागितलं. डिएप हसली. म्हणाली, "आजी, समुद्रबिमुद्र काही नाही, हे औषध आहे. जुलाबानं गेलं तेवढंच परत घालायचं, तेही हळूहळू. तुमच्या अशक्त हृदयाला एका दमात एवढं पाणी ओढवत नाही." मग मला नळीवरचं चाक दाखवून म्हणाली, "ताई, याला हात लावायचा नाही. काही वाटलं तर मला हाक मारा."

दुसऱ्या दिवशी बाबांचं श्राद्ध. बदकं डालग्यात ओरडत होती, तांदूळ भिजवायचे होते, साऊ मामांकडची सगळी मंडळी जेवायला येणार होती. आईचा एकच धोशा, मी नसताना देव्हाऱ्यापुढे ताट कोण मांडणार. बाटली संपली की घरी सोडतील असं माझ्या डोक्यात बसलेलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. संध्याकाळची शेवटची होडी चुकली की नदीपलीकडेच अडकायचं. आणि बाटली बघावी तर टिप टिप टिप. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "असं थेंबाथेंबानं काय होतंय? जोरात गेलं तर जोर येईल."

ताई, चाक मी फिरवलं. पूर्ण उघडलं.

बाटली बघता बघता रिकामी झाली. मला बरंच वाटलं. पिशवी भरायला घेतली, तोवर आई खोकायला लागली. ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला, ती खाटेची कड धरून उठून बसायला बघत होती. आयुष्यभर कालवे पोहून पार करणारी आपली आई कोरड्या गादीवर बुडत होती. आणि मी काय केलं? आधी चाक होतं तसं केलं, मग डिएपला हाक मारली.

हे लिहायलाच मला इतके दिवस लागले.

डिएप धावत आली. तिनं नळी बंद केली, आईला पाठीशी धरून बसवलं, प्राणवायू लावला, डॉक्टरांना बोलावून लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. अंधार पडेतो आईची धाप खाली बसली. आई वाचली ती या मुलीमुळे. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, बाटली एवढ्या लवकर संपली कशी? डिएप म्हणाली, मी हळूच लावली होती. तेव्हा आईनं तोंडावरचा मास्क बाजूला करून तिच्याकडे बोट दाखवलं. "हिनंच," म्हणाली. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. पुढचं तुला माहीत आहे. तू मामांना फोन केलास, मामांनी दवाखान्याच्या साहेबांना धारेवर धरलं, डिएपला वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलं. 'हिच्या हाती माशांची टोपली तरी द्यावी का,' असं तू म्हणाली होतीस. तेव्हाही मी 'हो ताई' म्हणाले.

घरी आल्यावर आईचे केस विंचरत होते. ती सहज म्हणाली, "चाक तूच फिरवलंस ना? माझे डोळे मिटलेले होते, मी झोपले नव्हते."

मी विचारलं, मग तू तिचं नाव का घेतलंस?

"तिला दुसरा दवाखाना मिळेल. मला दुसरं शेंडेफळ कुठून मिळायचं?"

ताई, मी विंचरत राहिले. मला बरं वाटलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराची आईच साक्षीदार.

मी गप्पच राहिले असते. पण काल डिएप स्वतः नदी ओलांडून आली. भांडायला नाही, आईची तब्येत विचारायला. येताना बिनमिठाची पेज घेऊन आली होती. निघताना पायरीवर चपला घालता घालता म्हणाली, "ताई, माझंच चुकलं असेल. मी चाक नीट बसवलं नसेल. हल्ली झोपेतही तेच चाक फिरवत असते. हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही."

कोंबडं किती झाकून ठेवणार? तिथेच पायरीवर सांगून टाकलं. तिनं पायात घातलेली चप्पल परत काढली. मग विचारलं, "अर्धं उघडलं होतं की पूर्ण?" मी म्हणाले, पूर्ण. आणि नंतर परत होतं तसंही मीच केलं. मग ती खाली बसली आणि रडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तो तिनं झटकला. ते बरोबरच केलं तिनं.

आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. म्हणते, आता गाव म्हणेल म्हातारी खोटं बोलली. मी काय सांगणार, खोटं तर माझ्यासाठीच बोलली.

बुधवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून हेच सांगणार आहे. मामांना फोन करून काही मिटवायला जाऊ नकोस. घराण्याचं नाव वगैरे तू म्हणशील, पण ते नाव डिएपच्या पोटावर पाय देऊन राखायचं नाही. 'उत, गप्प बस,' असं तू आजवर कितीदा म्हणालीस आणि मी बसले. या वेळी नाही बसणार.

पत्र वाचून झालं की फोन आधी डिएपला कर. तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. मला नंतर केलास तरी चालेल, आणि नाहीच करावासा वाटला तर तेही समजेन.

आईला जिनं जवळजवळ बुडवलं ती, तुझीच,
उत