मोंटानात लायसन्स लागत नाही

३ मार्च
नवी वही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रॉयस टिबेट्स उद्योजक झाला, ही नोंद कुठेतरी हवी म्हणून.

धंदा सोपा आहे. लोकांनी मशीनमध्ये रोख घालायची, मशीन त्याचं बिटकॉइन करून परदेशी पाठवणार, मधलं कमिशन माझं. अडचण एकच, लायसन्स. आमच्या इडाहोत त्यासाठी जामिनाचा बाँड, बोटांचे ठसे, बँकेत अमुक इतकी शिल्लक, जन्मापासूनचा हिशोब. शेजारच्या मोंटानात काहीही नाही. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत हे एकच राज्य शहाणं. आणि ते आमच्या मुलान गावापासून घाट चढून उतरलं की लागतं. आजवर हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही?

नोरीनला सांगितलं. ती भांडी घासत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, रॉयस, तू कुठे बसतोस याला काही अर्थ नाही, गिऱ्हाईक जिथे राहतं तिथलं लायसन्स लागतं. बायको बँकेत घरकर्जं देते. तिचं स्वतःचं राज्याचं लायसन्स आहे, दर वर्षी परीक्षा देऊन नवं करते, आणि त्या कागदावरच आमचं घर चालतं. नोकरदार माणसाची नजर तेवढीच.

९ मार्च
घाटापलीकडे सॉल्टीजला ट्रेलर भाड्याने घेतला. हे मुख्य कार्यालय. हीटर चालत नाही. तिथलं घड्याळ आमच्याहून एक तास पुढे, त्यामुळे साडेआठला घर सोडून सव्वानऊला पोचायचं तर सव्वादहा वाजले. उद्यापासून लवकर निघायचं.

११ मार्च
आज पण सव्वादहा.

१५ मार्च
कंपनीची नोंदणी झाली. 'टिबेट्स माउंटन ट्रान्सफर'. एकावन्न टक्के नोरीनच्या नावावर केली. बारा जूनला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. लोक अंगठ्या देतात, मी कंपनी देणार. तिची सही लागली नाही, मोंटाना खरंच छान राज्य आहे. सर्टिफिकेट फ्रेम करून ट्रेलरमध्ये लपवलं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

२२ मार्च
मशीन वेंडलच्या दुकानात बसवलं. वेंडल हा नोरीनचा धाकटा भाऊ, मुलानमध्ये मासे धरायचे गळ, गांडुळं आणि बिअर विकतो. मला म्हणाला, दाजी, हे मशीन तर इडाहोत आलं. मी समजावलं की मशीन म्हणजे नुसता हात, मेंदू मोंटानात आहे. तो म्हणाला, मग मेंदू तिकडेच विसरून येत जाऊ नका. गांडुळं विकणाऱ्याशी काय वाद घालायचा.

५ एप्रिल
पहिलं गिऱ्हाईक! एलोय. पेरू देशातला, इथल्या डोंगरात मेंढरं राखतो, घरी बायकोला पैसे पाठवतो. मशीनसमोर त्याचा फोटो काढला. मागे त्याचा ट्रक, नंबरप्लेटसकट, छान आलाय. माहितीपत्रकावर घेणार.

१४ एप्रिल
एलोय परत आला. शांतपणे म्हणाला, साहेब, इथून निघाली तेव्हा मेंढी होती, घरी पोचली तेव्हा कोकरू झालं होतं. मी म्हटलं, बिटकॉइन खाली-वर होतं, धीर धर, पुढच्या वेळी गाय पोचेल. त्यावर म्हणाला, बायकोला याच आठवड्यात तांदूळ घ्यायचाय. मग पलीकडच्या किराणा दुकानात गेला. तिथे खिडकीवर पैसे पाठवायचा एक कंटाळवाणा, लायसन्सवाला काउंटर आहे. वीस मिनिटं रांगेत उभा राहिला. मी काचेतून बघत होतो. अशा लोकांसाठी आपण जिवाचं रान करायचं.

१९ एप्रिल
एक धडाडीचं पाऊल. इडाहोच्या वित्त खात्याला स्वतःहून पत्र लिहिलं की आम्हांला आपल्या लायसन्सची गरज नाही, माहितीस्तव कळवत आहोत. सोबत माहितीपत्रक. आतल्या पानावर एलोयचा फोटो, खाली 'इडाहोतील आमचे समाधानी ग्राहक'. वेंडल म्हणाला, दाजी, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी याला पारदर्शकता म्हणतो.

२९ एप्रिल
खात्यातून फोन! कुणी मिस ओकरलंड. फारच रस घेत होत्या. किती ग्राहक, राहतात कुठे, मशीन कुठल्या गावात, सगळं टिपून घेत होत्या, टायपिंगचा आवाज येत होता. बहुधा आमच्यावरून इतरांना धडा द्यायचा विचार असावा. मालक कोण, विचारलं. म्हटलं, मोठा हिस्सा माझ्या पत्नीचा. पण बाई, बारा जूनपर्यंत तिला कळू देऊ नका, सरप्राइज आहे. टायपिंग थांबलं. मग म्हणाल्या, मिस्टर टिबेट्स, तुम्ही आजच एखादा वकील बघा. भारावल्या होत्या बिचाऱ्या.

११ मे
खात्याचं पत्र. धंदा ताबडतोब थांबवा, महिनाअखेरपर्यंत लायसन्ससाठी अर्ज करा, नाहीतर आदेश काढू. भाषा उर्मट. पत्र गाडीच्या कप्प्यात टाकलं. वकिलाला दोनशे डॉलर तासाचे द्यायचे आणि त्यानं नोरीनचंच वाक्य ऐकवायचं, त्यापेक्षा नोरीन फुकट आहे.

तिला मात्र सांगितलं नाही. बारा जून जवळ आलाय, उगाच मूड जायचा.

१८ मे
ठरवलं. त्यांच्या समाधानासाठी अर्ज करून टाकायचा. ऑनलाइनच आहे. आणि काय योगायोग! घरकर्जवाल्यांची आणि आम्हां पैसे पाठवणाऱ्यांची सरकारी यादी एकच. मालक म्हणून नोरीनचं नाव घातलं तर तिचा लायसन्स नंबर आपोआप पुढे आला. जन्मतारीख, नोकरी, सगळं तयार. एका टिचकीत जोडून टाकलं. अर्धा अर्ज बसल्या जागी झाला. ही बाई घरात असून मी इतके दिवस एकटा लढत होतो.

२० मे
उरलेला अर्धा अवघड आहे. ठसे, तीन वर्षांचे हिशोब, बाँड. बाँड देणारा माणूस फोनवर हसला. सोमवारी नेटानं बसायचं.

२४ मे, सोमवार
ट्रेलरचा हीटर दुरुस्त केला. अर्ज उद्या.

७ जून
अर्जाची मुदत बहुधा गेली. पण सरकारी मुदती ताणता येतात. वेंडलनं मशीनवर टॉवेल टाकलाय, त्यावर गांडुळांचे डबे. विचारलं तर म्हणाला, दाजी, ताईला सांगितलंत का? मी म्हटलं, शनिवारी सांगतो, समारंभपूर्वक.

१२ जून
शेजारच्या वॉलेस गावात स्टेकसाठी टेबल राखलं होतं. नोरीन बँकेतले कपडे बदलून आली नव्हती. शनिवारी बँक अर्धाच दिवस असते, तरी मी काही विचारलं नाही. स्टेक आला तशी फ्रेम पुढे केली. कागदाचं वेष्टण तिनं काढलंच नाही. म्हणाली, माझी भेट मला मिळाली, रॉयस. सकाळीच.

मग कळलं. खात्याचा आदेश निघाला, कंपनीवर आणि मालकांवर. तो थेट तिच्या लायसन्सला जाऊन चिकटला. सकाळी बँकेतल्या मॅनेजरबाईंनी खोलीत बोलावून पडद्यावर दाखवला आणि विचारलं, नोरीन, ही तुझी कंपनी काय आहे? एकोणीस वर्षं लोकांचे कागद तपासणारी बाई. स्वतःच्या नावाचा हा कागद तिनं पहिल्यांदाच बघितला. बँकेनं रजेवर पाठवलंय. लायसन्स टिकलं नाही तर नोकरी गेली.

मी म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठीच होतं ना. ती म्हणाली, मग मला विचारायचं होतंस. तिनं तिचा स्टेक डब्यात भरून घेतला. फ्रेम टेबलावरच राहिली. वेटर धावत आणून देत होता, मीच नको म्हटलं.

मला राग आला आहे. नक्की कुणाचा ते उद्या लिहीन.

२६ जून
नोरीन वेंडलच्या दुकानावरच्या खोलीत राहते. घराचे हप्ते तिच्या पगारातून जायचे, म्हणून घर भाड्याने दिलं. मी ट्रेलरमध्ये. तात्पुरतं. प्रवासाचा वेळ वाचतो.

अर्जाचं कळलं. 'अर्जदाराने सोडून दिला असे समजण्यात येत आहे.' मी काही सोडलेलं नाही. मीच इथे बसलोय.

३ जुलै
मशीन आणायला गेलो. वेंडल म्हणाला, मागच्या दारानं न्या, मिस्टर टिबेट्स. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दाजी म्हणाला नाही. ते लागलं.

१७ जुलै
नोरीनचं लायसन्स वाचवायला तिच्या वकिलांना माझं शपथपत्र हवं होतं. मी चार पानं लिहिली, त्यात मोंटानाचा मुद्दा नीट मांडला होता. त्यांनी चारही पानं परत दिली आणि एकच ओळ टाइप केली. भागीदारीबद्दल माझ्या पत्नीला कल्पना नव्हती, तिला कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, यात भेटीची भावनाच येत नाही. ते म्हणाले, नाहीच येत.

सही घ्यायला नोरीन स्वतः ट्रेलरवर आली, नोटरीबाईंना घेऊन. बाईंनी विचारलं, विवाहित? मी नोरीनकडे बघितलं. ती म्हणाली, आत्तापुरतं हो लिहा.

जाताना तिला विचारलं, मी घरी कधी येऊ? म्हणजे तिच्याकडे, वेंडलच्या वर. लायसन्सचा निकाल लागायला वर्ष जाईल, म्हणाली, नंतर अर्ज कर, बघू. मी म्हटलं, आता काय बायकोकडे जायला पण परवानगी लागणार? गाडी सुरू करता करता म्हणाली, मार्चमध्येच सांगितलं होतं.

बसून आठवलं. आपण कुठे बसलोय याला काही अर्थ नाही, समोरचं माणूस जिथे राहतं तिथली परवानगी लागते. ती इडाहोत राहते.