दानूच्या जागेवर

प्रिय दानू,

तुझी शवपेटी मला महाग पडली. घराच्या नव्या दारासाठी वाळवून ठेवलेल्या सागवानाच्या फळ्या गेल्या, एका गिऱ्हाइकाचा दिवाण अडून राहिला, आणि डोळ्यांना धार लागल्यामुळे एक फळी वाकडी कापली गेली ती वेगळीच. मंडळी वर्गणी काढायला निघाली होती. मी नको म्हटलं. तुला ठाऊक आहे, तुझा भाऊ कोणाचं फुकट घेत नाही.

आज लिहायला बसलो ते धुरपताबाईमुळे. मागच्या गल्लीतली, तलावावर मासोळ्या धरणारी. तिचा नवरा अजून खाटेवरच आहे. सकाळी दुकानात आली नि म्हणाली, "दानूभाऊ त नाई राह्यले. आता तुमीच या, आमच्या घरधन्यासाठी प्रार्थना कराले."

आता मीच! म्हणजे तू असतास तर मी नकोच होतो.

दानू, तुझा मला फार हेवा वाटायचा. वाटलं होतं, तू गेल्यावर तरी कमी होईल. उलट वाढलाच.

चर्चमधले सगळे बाक माझ्या हातचे. उपासना कधी चुकवली नाही, दारूला शिवलो नाही, हातात एक रंधा होता त्यावर दुकान उभं केलं. आणि तू? अर्धं आयुष्य मोहाच्या दारूत घालवलंस, माझ्या घरी जेवलास, आणि एका रविवारी चर्चमध्ये उभं राहून, देवाने माफ केलं अशी रडत रडत साक्ष दिलीस. झालं! तेव्हापासून कोणाचं लेकरू तापलं, कोणाची सून अडली, की बोलावणं तुला. हिंदू घरांतूनही तुलाच. कृपा अशी वाटेत पडलेली असते का रे? मग मी इतकी वर्षं काय करत होतो?

माझे कान तिखट आहेत असं तू चिडवायचास. तुझ्या मातीच्या दिवशी मागे बाया कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "हे भाऊ प्रार्थना करतेत, त देवाले आपलीच कामं मोजून दाखवतेत. दानूभाऊ नुसते जवळ बसेत." दुसरी पदरात हसली. दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर मीही हसलो असतो.

खरंच, काय करायचास तू तिथे? एकदा विचारलं होतं मी. तू म्हणालास, "काई नाई, भाऊ. मले किती माफ झालं ते आठोते, अन् बसून राह्यतो." मला वाटलं, युक्ती लपवतो आहेस.

आज दिवसभर आठवून पाहिलं. मला माफ झालेलं असं काही सापडेना. आणि सापडेना, याचंच वाईट वाटलं. माफी मिळालेल्या माणसाचाही हेवा वाटतो, हे चर्चच्या पाळकांना कसं सांगू? तुलाच सांगतो.

उद्या मी जाईन धुरपताबाईकडे. बाकांचं नाव काढणार नाही. तू बसायचास तिथेच, खाटेच्या पायथ्याशी बसेन. शब्द सुचले नाहीत तरी उठणार नाही. हे वचन.

बाकी घरचं सांगायचं तर, तू गेल्यापासून गल्लीने आमची चूल पेटू दिलेली नाही. आत्ता भात आणि मासोळीचा रस्सा जेवून उठलो, तो धुरपताबाईच्या घरचा. मी दोनदा मागून घेतला.

तुझा भाऊ,
शमुवेल