निळ्या कंटेनरचा डावा कोपरा

१० फेब्रु., मंगळवार

दोनच कंटेनर होते आज, एक लाल, एक निळा. तरी डोकं उठलं. माल भरून झालेला, गिअरचे सुटे भाग, समुद्रापार जाणार. पाणी शिरलं की गंज, आणि गंज चढला की आमच्या नावाने शंख. म्हणून दारं तपासायची. ट्रेलरचे ड्रायव्हर सकाळपासून हॉर्न वाजवून जीव खात होते. शेवटी मीच म्हटलं, दोन्हीकडे एकदम लावू.

एरवी एक झाल्यावर दुसरा. आत आवाज सोडणारा ट्रान्समीटर ठेवायचा, दार लावायचं, बाहेरून हेडफोन घालून रबराच्या कडेकडेने यंत्र फिरवायचं. जिथून आवाज बाहेर येतो तिथून पाणी आत जातं, इतकं सरळ. साध्या कानाला काहीच ऐकू येत नाही. आज दोन्ही ट्रा. एकाच वेळी आत. लाल तपासला, साफ. निळ्याकडे वळले तोवर बबनरावांनी वेळ वाचवायला लाल उघडलासुद्धा. दारं उघडणं, लावणं, ट्रा. ठेवणं, काढणं हे सगळं त्यांच्याकडे.

निळ्याच्या डाव्या दाराशी, खालच्या कोपऱ्यात बारीक कुईकुई आली. पण लाल शेजारीच सताड उघडा, आवाज यार्डभर. त्याचाच असणार. ओके दिला. सुपरवायझरने लगेच सील ठोकलं.

घरी आले तर नणंदेचा फोन. ती चारचौघींत अजून सांगते की वहिनी कंटेनरची सोनोग्राफी करते. म्हटलं, हो, पण मुलगा की मुलगी ते सांगत नाही, कायद्याने बंदी आहे.

११ फेब्रु., बुधवार

बॅगेत एकच ट्रा.

तीनदा उलटी केली बॅग. मग स्कूटीची डिकी. मग यार्ड पालथं घातलं. नाही. ब.रावांनी लालमधला काढून माझ्या हातात दिला होता, तो हा. निळ्यातला?

देसाई सरांना सांगावंच लागलं. एजन्सी त्यांची, यंत्रं त्यांची, परदेशातून मागवलेली. मी पुढचं बोलायच्या आत सुपरवायझर म्हणाला, काढायचं काम बबनचं, विचारा त्याला, भंगारवाल्याकडे गेलं असेल. झालं. ब.रावांचा गेटपास काढून घेतला. जिथे हे यार्ड आहे ती जमीन एके काळी त्यांच्या भावकीची. गावातल्या गावात चोर ठरले, तेही चहाच्या वेळेत, सगळ्यांसमोर.

ते एवढंच म्हणाले, "निळ्याचं मला कुनी सांगितलंच न्हाई, म्याडम. मी लालच्या दाराच्या दांड्याशी झटत व्हतो, तवर सील बसलं."

खरं असणार. मी ओके दिला तेव्हा मागे वळून पाहिलंच नव्हतं. पण काढला नाही हेही मी पाहिलेलं नाही. सरांना म्हटलं, ट्रा. निळ्यात राहिलाय. ते म्हणाले, सील कापायचं तर कस्टमची परवानगी, कंपनीला कळवा, जहाज चुकणार. तुम्ही खात्रीने सांगता का, आत आहे म्हणून? मी म्हटलं, बघते.

दुपार. निळ्याचा ड्रायव्हर रात्री पार्किंगमध्येच झोपला होता. बाराला निघाला आणि चाकण-तळेगाव रोडला अडकला. या ट्रॅफिकला आयुष्यभर शिव्या घातल्या, आज पहिल्यांदा बरं वाटलं. स्कूटी पंपावर लावली, हेडफोन घातले आणि ट्रेलरच्या रांगेतून चालत सुटले.

चालता चालता डोक्यात प्रकाश पडला. दार घट्ट असेल तर मला काही ऐकू येणार नाही, आणि ब.राव चोर ते चोरच. ऐकू आलं तर दार गळकं. म्हणजे माझा ओके खोटा, आणि काल आलेली कुईकुई लालची नव्हती. देवाकडे नक्की काय मागायचं तेच कळेना.

हॉर्नचा यंत्राला त्रास नसतो. त्रास एअर ब्रेकचा. प्रत्येक ट्रकची हवा कुठून ना कुठून गळत असते, कानात नुसतं सूं सूं. निळा सापडला. यंत्र दिसायला पिस्तुलासारखं, ड्रायव्हर खिडकीतून वाकून माझ्याकडे टकामका बघत होता. काही बिघडलंय का, विचारलं त्याने. मान हलवली. डावं दार, खालचा कोपरा.

आली. कुईकुई. चढउतार असलेली. ब्रेकचा आवाज एकसुरी असतो, हा तसा नव्हता.

तेवढ्यात रांग हलली, निळा पुढे गेला. मी रस्त्याच्या मधोमध, हातात ते पिस्तूल. मागचा टेंपोवाला काय काय बोलला असेल कुणास ठाऊक, हेडफोन होते म्हणून वाचले.

सरांना फोन केला नाही. घरी आले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो लातूरचा, त्याच्याकडे सगळ्याला एकच औषध. "गप बस जरा. तिकडं माल उतरला की यंत्र सापडंल, ते कळवतील, बबनराव आपोआप सुटतील. तू कशाला मधी पडायलीस?" मी त्याच्यावर खेकसले. माल तिकडे पोचायला महिना, तोवर त्या माणसाने गावात तोंड कसं दाखवायचं? तो निमूट भाजी चिरायला लागला. राग त्याचा नव्हता. रस्त्यापासून घरापर्यंत मीही हाच विचार करत आले होते, शब्द फक्त जरा बरे होते माझे.

१२ फेब्रु., गुरुवार

सकाळी गेटबाहेर ब.राव. रोजच्यासारखा डबा घेऊन. गेटवरचा सिक्युरिटीवाला त्यांचा सख्खा पुतण्या, त्यानेच आत सोडलं नाही. तो बिचारा मान खाली घालून रजिस्टरमध्ये काहीतरी गिरवत होता. मी म्हटलं, ऊन चढतंय, घरी जा. तर म्हणाले, "घरी बसलो तर लोकांला खरंच वाटंल. मी हितंच हाय."

तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही. काल रस्त्यात ऐकलं ते सांगितलं. मग मंगळवारचंही सांगितलं. हे दुसरं सांगायचं नव्हतं, ठरवून गेले होते, पण पहिलं सांगितल्यावर दुसरं पोटात राहीना.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटा."

"चुकीचा."

"पोर्टवाल्यांसाठी एकच आहे, मॅडम."

पुढचा तासभर त्यांचे फोन. निळा पोर्टाजवळच्या एका यार्डात थांबवलाय. उद्या कस्टमच्या माणसासमोर दार उघडायचं. निकाल लागेपर्यंत माझं काम बंद. ब.रावांना बरोबर न्यायला सर तयार नव्हते. मी म्हटलं, त्यांच्याशिवाय दार उघडलं तर उद्या म्हणाल, मीच नेऊन ठेवला आत. तेव्हा कुठे हो म्हणाले.

बाहेर आले तेव्हा हलकं वाटलं. खरंच वाटलं. ते स्कूटीपर्यंत टिकलं.

कारण काल रस्त्यात शेजारच्या लेनमध्ये दुसरा ट्रेलर अगदी खेटून उभा होता. त्याची हवा गळत होती, सूं सूं मीच ऐकलं होतं. गाडी हलायच्या बेतात असली की ब्रेकचा आवाज कमीजास्त होतो. चढउतारासारखा. होतो का? या कामात इतकी वर्षं काढली आणि आज मला हे सांगता येईना. ट्रा.च होता. की मला हवा होता म्हणून ऐकू आला?

आत नाही निघाला तर मी माझ्या तोंडाने माझा रिपोर्ट बुडवला, आणि ब.राव कायमचे चोर. भीती वाटतेय. नवऱ्याला हे सांगितलं नाही. काल बोलले तेवढं पुरे त्याला.

१३ फेब्रु., शुक्रवार

यार्डात येऊन बसलोय. कस्टमचा माणूस यायचाय. टपरीवर लिहितेय.

ब.राव सगळा घाट उतरेपर्यंत खुशीत. इस्त्रीचा सदरा घातलाय. ड्रायव्हरला सांगत होते, आज म्याडम खरं-खोटं करनार. मी खिडकीबाहेर बघत बसले.

आल्या आल्या निळ्याच्या कोपऱ्याशी यंत्र लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. शांत. बॅटरी एव्हाना संपलीच असणार. असणारच. पण नसलेला ट्रा.ही असाच शांत असतो.

ब.राव माझ्या तोंडाकडे बघत होते. "रस्त्यात ऐकलं त्ये आपलंच व्हतं न्हवं?"

"आपलंच होतं," म्हटलं. आवाज मलाच पटला नाही.

मग टपरीच्या बाकड्यावर त्यांना मंगळवारचं सांगितलं. दार लावलं तेव्हाच तिथे आवाज आला होता, मी तो लालवर ढकलला आणि ओके दिला. त्या वेळी एक हाक मारली असती, लाल लावा, पुन्हा बघू, तर सील बसलंच नसतं. सरांनी सांगण्याआधी मला सांगायचं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला.

"काल मी गेटावर हुबा व्हतो, तवा तुमाला ह्ये म्हाईत व्हतं?"

"परवा दुपारपासून."

"आन परवा सांजच्याला तुमी घरी गेला."

"हो."

मला वाटत होतं, ओरडावं त्यांनी. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते निळ्याकडे बघत बसले. माफ करा म्हटलं, ते ऐकलं की नाही कळलं नाही.

कस्टमची गाडी आत आली. सर फोन कानाला लावून तिकडे धावले. एक जण सील कापायची कात्री घेऊन चाललाय. ब.राव उठले. नेहमी दार उघडायच्या आधी मागे वळून 'चला म्याडम' म्हणतात. आज सदरा नीट केला आणि एकटेच निघालेत.