जड छर्‍यांची स्प्रिंग

आबा, मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरलाय. आज खंडेनवमी. जावयानं गाडीला झेंडूचा हार घातला, मी विळी आणि शिवणयंत्र पुसून हळदीकुंकू वाहिलं, आणि माझं डोकं भणभणायला लागलं. दरवर्षी लागतं. एरवी मी गप्प बसते, यंदा लिहायला बसले.

कसबा बावड्याच्या रस्त्याला तुमचं दुकान. छर्‍याच्या बंदुका दुरुस्त करण्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता, ते मीही मान्य करते. शाळूवरची पाखरं हाकलायला शेतकरी बंदुका घेऊन यायचे आणि त्यांना एकच गोष्ट हवी असायची, जोर. तुम्ही दांडगी स्प्रिंग घालून द्यायचा, ते खुशीत घरी जायचे. पैलवानांचं गाव आपलं, कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, खुराक वाढवा. माझी बंदूक मात्र मऊ, हलक्या स्प्रिंगची होती. वॉशरचं चामडं स्वतः कापून, तेलात मुरवून तुम्हीच ती माझ्यासाठी बसवली होतीत. मी जुन्या अकरावीला होते. त्या बंदुकीवर मी जिल्ह्यात पहिली आले आणि राज्याच्या संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. संघात आले तर पुण्याला शिकायला पाठवायचं, नाही तर लग्न, असं आईनं तुमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तुम्हाला हे ठाऊक होतं.

तरी अष्टमीला दुपारी, मला न विचारता, तुम्ही ती बंदूक उघडलीत. मैदानावर वारा असतो, हलका छर्रा वाऱ्यानं ढळतो, म्हणून तुम्ही जड छर्रे आणलेत. जड छर्‍याला जोर लागणार म्हणून शेतकऱ्यांच्या बंदुकीतली स्प्रिंग माझ्या बंदुकीत घातलीत. नवमीला ती पाटावर, पूजेत. आपल्या घरात सोनं लुटल्याशिवाय पूजेतलं हत्यार उचलायचं नाही, आणि दसऱ्याला घरोघरी सोनं देऊन येईपर्यंत अंधार पडला. एक बारसुद्धा काढून बघता आला नाही. सकाळी मैदानावर मी स्प्रिंग ताणायला नळी खाली मोडते आणि मनगटात कळ येते. बार काढते तर छर्रा सुटायच्या आधी बंदूकच उडी मारते. "आबा, काय केलासा हिला?" मी विचारते. तुम्ही माझ्याकडं बघत नाही. "काय न्हाय. नीट धर." शेजारच्या मुलीचे हलके छर्रे मागून घेतले, तर ते आणखीच भरकटले.

भोवती उभी असलेली निम्मी माणसं तुमचीच गिऱ्हाईकं. त्यातल्या एकानं हाक मारली, "काय मिस्त्री, बंदूक बिघडली काय?" आणि तुम्ही माझ्यादेखत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणालात, "बंदुकीला काय धाड भरलीया? पोरीचा हात हलतोय की!"

माझा हात हलत नव्हता, आबा. तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. दुकानाची अब्रू जाईल म्हणून तुम्ही माझी घालवलीत, चारचौघांत, आणि संध्याकाळी जेवायला बसून भाकरीला मीठ कमी म्हणालात. दिवाळीनंतर कुरुंदवाडचं स्थळ आलं. "नेमबाजी पुरे झाली," म्हणालात, आणि माझं पुणं तिथंच संपलं. नवरा चांगला निघाला, पण ते माझं नशीब, तुमचं पुण्य नव्हे.

तुम्हाला आपली चूक कळलीच नसेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. ती समजूतही तुम्ही टिकू दिली नाहीत. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते. दुकानामागच्या खोलीत मी चहा गाळते आहे आणि बाहेर नेसरीचा कुणी पाहुणा जड छर्‍यांसाठी दांडगी स्प्रिंग मागतो आहे. तुम्ही त्याला सांगताय, "तसं करू नगासा, पावणं. जड छर्रा उशिरा हलतोय. स्प्रिंग दांडगी असली की आतला दट्ट्या हवेवर आपटून मागं उडतोय, आन् छर्रा नळीत हाय तवरच बंदूक हलतीया. धक्का नगं, रेटा पायजे. दट्ट्या जड करायचा, स्प्रिंग न्हाय." त्यानं विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं. तुम्ही हसलात. "म्या सोताच एक चांगली बंदूक नासवली, तवा कळलं."

एक चांगली बंदूक! आणि तिच्यामागं कोण उभं होतं? नेसरीच्या अनोळखी माणसाला सांगताना तुमची जीभ अडली नाही. मग दोन पावलं आत येऊन मला सांगायला तुमचं काय जात होतं? मी चहा नेऊन ठेवला. तुम्ही वर पाहिलंत आणि मी सगळं ऐकलंय हे तुमच्या लक्षात आलं, मला दिसलं ते. चहा बशीत ओतलात, एक घोट घेतलात आणि म्हणालात, "साखर कमी हाय." तेवढंच. पुढं तुम्ही जाईपर्यंत तेवढंच.

हे पोस्टात पडणार नाही, लिहून झालं की फाडीन. फाडण्याआधी एक सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. नात आता नेमबाजी शिकते. परवा तिनं विचारलं, "आजी, तू जिल्ह्यात पहिली होतीस, मग निवडीला काय झालं? बंदूक खराब होती का?" इतकी वर्षं ह्याच प्रश्नाची वाट बघत होते मी. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं तिला सांगायचं ठरवलं होतं.

"छे गं," मी म्हणाले, "माझ्या आबांनी बसवलेली बंदूक ती. मीच ऐनवेळी घाबरले."