अध्यक्षाला उतरवण्याची जर्मन पद्धत

चि. नंदीश,

सिद्धाप्पाकाकाचे आशीर्वाद. तिकडच्या थंडीत कान झाकून फिरतोस ना? आम्ही इकडे सोलापुरात घामेजून का होईना, खुशाल आहोत. पार्सलात शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवली आहे. आधी पोटभर खा आणि मग शांतपणे वाच, कारण इथं जे झालं त्याचं मूळ तूच आहेस.

दिवाळीत आलास तेव्हा तू जर्मनीचं राजकारण समजावलंस. कुणालाच बहुमत नाही, मग प्रचारात भांडलेलेच पक्ष एकत्र बसून लेखी करार करतात. (लेखी! आपल्याकडे कोण कुणाबरोबर आहे हे सकाळच्या पेपरात बघावं लागतं.) लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांच्या तीन पक्षांचं सिग्नलचं सरकार आलं आणि मोडलं, इथपर्यंत समजलं. त्यात गाडी कधी सोडायची ते अजून समजलेलं नाही. पण एक नियम फार आवडला: चॅन्सेलरला नुसतं खाली ओढता येत नाही, आधी दुसऱ्याच्या नावावर बहुमत जमवावं लागतं.

आपल्या सोसायटीत बोअरवाले, पार्किंगवाले आणि देऊळवाले असे तीन गट. मी तिघांचा करार घडवला, अध्यक्ष झालो आणि तो नियम त्यात घातला. राजीनाम्यालाही लावला: आधी दुसरा निवडा, मगच सुटका. (हा कडकपणा जर्मन नाही, माझा.) आता आपल्या दाक्षायणीला मुलगा झालाय, काकू तिच्याकडे हुबळीला गेलीय आणि मी नातवाला अजून फोनवरच बघतोय. बारशाला जायचंय रे! पण पाण्याचा टँकर कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तो आला की अध्यक्ष हजर हवा. मला कुणी काढेना. बोअरवाले पार्किंगवाल्यांना मत देत नाहीत, पार्किंगवाले देऊळवाल्यांना. पार्किंगवाल्यांचे इमामसाब तर म्हणाले, "तुमीच ऱ्हावा की, लई ब्येस चाललंय!" हाच माणूस मला जिन्यात गाठून भांडायचा. खरं सांगतो, रडू आलं.

तब्येतीला जप.

तुझा,
सिद्धाप्पाकाका

ता. क. कालच्या सभेत अध्यक्ष म्हणून तुझं नाव एकमतानं मंजूर झालं. (वरचा फ्लॅट तुझ्याच नावावर आहे ना?) तिन्ही गट पहिल्यांदाच एक झाले. नाही म्हणायला तू हजर नव्हतास.

आणखी एक ता. क. तूच सुचवलेलं दुसरं कलम आत्ता आठवलं: नवा माणूस प्रत्यक्ष खुर्चीवर बसेपर्यंत जुन्यानंच काळजीवाहू म्हणून राहायचं. तेव्हा नुसता होकार पुरत नाही, विमानानं ये. काकूला फोनवर विचारलं, बारसं पुढं ढकलता येईल का? म्हणाली, "ढकलायचं कशाला? शेजारचे मंजुनाथराव हायत की, काळजीवाहू आजोबा!"